गुळव्याचा घाम : व्यसन, नैराश्य आणि उष्णोपचाराचं एक प्रकरण

जून महिन्यातला मंगळवार, सकाळची वेळ. एका निसर्गोपचार शिबिरात ४६ वर्षांच्या माणसाला वाफेच्या पेटीत बसवलं. डोकं बाहेर, कपाळावर ओला टॉवेल, बाकी सगळं अंग लाकडी पेटीत बंद. शेवटचा घोट घेऊन त्याला जेमतेम ३६ तास झाले होते. आठ-दहा मिनिटांत त्याची मान एका बाजूला वळली, डोळे फिरले आणि पेटीच्या आतून हातपाय आपटल्याचा आवाज यायला लागला. आजूबाजूच्यांना वाटलं, विष बाहेर पडतंय. झाकण काढून त्याला बाहेर घेईपर्यंत जीभ चावली गेली होती, तोंडातून रक्त येत होतं. कुणी कांदा हुंगवला, कुणी चप्पल आणली.

मी एका व्यसनमुक्ती केंद्रात समुपदेशक आहे. हा माणूस त्यानंतर नऊ दिवसांनी आमच्याकडे आला. त्याच्या आणि घरच्यांच्या परवानगीने हे प्रकरण लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदललेत. केंद्रात सगळे त्यांना गुळवेमामा म्हणायचे, तेच नाव इथे ठेवते. लिहिण्याचं कारण एवढंच की निसर्ग आणि उष्णता या दोन्हींनी मामांना पुढे खूप दिलं. पण त्याच उष्णतेने, वेळ चुकल्यामुळे, त्या मंगळवारी त्यांचा जीव घेतला असता.

माणूस कोण होता

गुळव्या म्हणजे गुऱ्हाळाचा जीव. काहिलीत, म्हणजे गुऱ्हाळातल्या मोठ्या कढईत, रस उकळायला लागला की मळी कधी काढायची, भेंडीचं पाणी कधी सोडायचं, चुलवाणातला जाळ कधी वाढवायचा आणि कधी आवरायचा हे सगळं त्याच्या शब्दावर चालतं. पाक साधारण ११८ अंशांवर येतो तेव्हा काहील उतरवायची असते. दोन मिनिटं उशीर झाला तर गूळ करपतो, दोन मिनिटं घाई झाली तर ढेप बसत नाही. मामांकडे थर्मामीटर कधीच नव्हता. बोटं गार पाण्यात बुडवायची, चिमूटभर पाक उचलायचा, पाण्यात सोडून त्याची गोळी वळायची आणि भांड्याच्या काठावर मारायची. टण्ण वाजली की काहील उतरवा.

पंधराव्या वर्षी ते चुलवाणाला चिपाडं घालायला लागले, पुढे एकाच मालकाकडे १९ हंगाम गुळव्या होते. गुऱ्हाळावर रात्रपाळीला थोडी घ्यायची पद्धत होती, ‘उष्णता उतरवायला’. हंगाम संपला की महिनोन्‌महिने ते शिवायचेही नाहीत. तीन वर्षांपूर्वी गुऱ्हाळ बंद पडलं. कोल्हापूर भागातली कितीतरी गुऱ्हाळं अशीच थांबली आहेत: ऊस कारखान्याला जातो, मजूर मिळत नाहीत, गुळाला दर धड नाही. मालकाच्या मुलांनी काहील मोडीत विकली, तेव्हा ती टेम्पोत चढवायला मामाच होते.

आमच्या पहिल्या भेटीत मामी एक वाक्य बोलल्या. माझ्या मते या प्रकरणातलं सगळ्यात महत्त्वाचं निदान त्यात होतं. ‘दारू नंतर वाढली, मॅडम. आधी माणूस गप झाला.’

काहील गेल्यावर सात-आठ महिने मामा बोलत नव्हते, जेवण निम्म्यावर आलं होतं, पहाटे तीनला जाग येऊन आढ्याकडे बघत पडायचे. दारू रोजची झाली ती त्यानंतर. आमच्याकडे येईपर्यंत दिवसाला देशीचे तीन क्वार्टर, सकाळी हात थरथरला की पहिला घोट. दारूच्या सवयीची प्रश्नावली ४० गुणांची असते. २० किंवा त्याहून जास्त आले की अवलंबित्वाची दाट शंका घ्यावी लागते. मामांचे ३१ झाले.

घामाने दारू निघत नाही

शिबिरात त्यांना मेहुण्यांनी नेलं होतं, स्वतःच्या खिशातले पैसे भरून. मेहुण्यांचा हेतू वाईट नव्हता, उलट सगळ्या पाहुण्यांत हाच माणूस त्यांच्यासाठी धडपडत होता. निसर्गोपचाराबद्दलचा आदर आपल्याकडे जुना आहे. १९४६ साली गांधीजींच्या प्रेरणेने उरुळी कांचनला निसर्गोपचार आश्रम सुरू झाला, तेव्हापासून मातीची पट्टी, कटिस्नान, बाष्पस्नान हे शब्द आपल्या घराघरांत आहेत. ‘घाम काढला की दारू निघून जाते’ हे मेहुण्यांनी कुणाकडून तरी ऐकलं होतं आणि त्यावर त्यांचा विश्वास बसला.

हे चूक आहे. पोटात गेलेल्या दारूचा ९० टक्क्यांहून जास्त भाग यकृत मोडतं. घाम, श्वास आणि लघवी मिळून बाहेर पडते ती थोडीशीच. आणि ३६ तासांनंतर अंगात काढण्यासारखी दारू राहिलेलीच नसते. त्या वेळी धोका असतो तो दारू नसण्याचा. रोज पिणाऱ्याच्या मेंदूला दारू सतत दाबून धरते, म्हणून मेंदू स्वतःची धावगती वाढवून ठेवतो. दारू एकाएकी काढली की दाब जातो, धावगती मात्र तशीच राहते. थरथर, घाम, छातीत धडधड, वाढलेला रक्तदाब हे सगळं त्यातून येतं. फिट येण्याचा धोका पहिल्या ६ ते ४८ तासांत सर्वाधिक असतो. त्यात बंद पेटीतली वाफ, घामावाटे गेलेलं पाणी आणि क्षार, वर आणखी धावणारं हृदय. मामा नेमके या वेळेत त्या पेटीत बसले होते.

नंतर एका वैद्यांनी मला चरकसंहितेतला स्वेदाध्याय वाचून दाखवला, सूत्रस्थानातला १४ वा. स्वेदन कुणाला देऊ नये याची तिथे मोठी यादी आहे. तिच्यात रोज मद्य घेणारा आहे, मद्याने विकार झालेला आहे, कावीळ आणि उदराचा रोगी आहे, तहानलेला, भुकेलेला आहे आणि शोक करणाराही आहे. मामा या यादीत निदान तीन ठिकाणी बसत होते. परंपरेच्या नावाने पेटी लावणाऱ्याने ती परंपरा नीट वाचली असती तर मंगळवार टळला असता, हे मला अजून सलतं.

आणि फिट आलीच तर कांदा नको, चप्पल नको, तोंडात चमचाही नको. माणसाला कुशीवर वळवा, डोक्याखाली काहीतरी मऊ ठेवा, किती वेळ चाललंय ते घड्याळात बघा आणि दवाखाना गाठा.

नऊ दिवस

सरकारी दवाखान्यात पोचल्यावर त्यांना लोराझेपॅम हे मेंदू शांत करणारं औषध सुरू केलं आणि थायमिनची इंजेक्शनं, तीही ग्लुकोजच्या आधी. वर्षानुवर्षं पिणाऱ्याच्या अंगात हे जीवनसत्त्व उरलेलं नसतं. आधी ग्लुकोज चढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते. बुधवारी रात्री मामांना भ्रम झाला. ते अंगावरून काहीतरी झटकत होते आणि मामींना ओरडून सांगत होते, ‘रसावर माश्या बसल्यात, झाकण घाल!’ गुऱ्हाळावर उसाच्या रसाला मधमाश्या आणि गांधीलमाश्या येतात, त्या त्यांना दवाखान्याच्या चादरीवर दिसत होत्या. दोन रात्री मामी त्यांचे हात धरून बसल्या. दारू सुटल्यावरचा असा भ्रम वेळीच औषध मिळालं नाही तर जीवघेणा ठरतो. ‘इच्छाशक्ती असेल तर घरीच सोडेल’ असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा मामींशी बोलावं.

त्यातून ते निघाले. सोनोग्राफीत यकृताला चरबी आणि सूज दिसली, पण पोटात पाणी नव्हतं.

आमच्याकडे

केंद्रात पहिले काही दिवस मामा फक्त मान हलवायचे. दारू सोडल्यावर येणारी उदासी पुष्कळांमध्ये तीन-चार आठवड्यांत आपोआप उतरते, म्हणून मानसोपचारतज्ज्ञ सहसा थोडं थांबून बघतात. इथे आमच्या डॉक्टरांनी थांबायचं नाही असं ठरवलं. मामींचं ते वाक्य हे एक कारण. दुसरं कारण मी मामांना सरळ विचारलेला प्रश्न: जीव द्यावा असं मनात येतं का? ते बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, ‘येतं की.’ शेवटचा घोट घेऊन तीन आठवडे होत आले तेव्हा नैराश्याच्या प्रश्नावलीत २७ पैकी १९ गुण आले; गुण जितके जास्त तितकं नैराश्य खोल. सर्ट्रालिन ही नैराश्यावरची गोळी सुरू झाली. मेहुण्यांनी त्याच दिवशी मामांच्या घरातली तणनाशकं आणि कीटकनाशकं उचलून स्वतःच्या घरी कुलपात ठेवली. मामींच्या फोनमध्ये टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर घातला. असा प्रश्न विचारल्याने कुणाच्या डोक्यात नवा विचार शिरत नाही; मी विचारला तेव्हा मामांचे खांदे सैल झालेले मी पाहिले.

निसर्ग आला तो इथून. आमच्याकडे सकाळी सहाला फिरायला जायची पद्धत आहे, तीन किलोमीटर, उसाच्या फडांमधून ओढ्यापर्यंत. आषाढातला पाऊस होता. मामा सगळ्यांच्या मागे, छत्री खांद्यावर टेकवून, पायांकडे बघत चालायचे. जपानमध्ये १९८२ साली वनखात्याने रानात फिरण्याला ‘शिनरिन-योकू’, म्हणजे वनस्नान, असं नाव दिलं आणि त्यावर तिथे बरंच संशोधन झालं. मला स्वतःला झाडांपेक्षाही त्यातल्या साध्या गोष्टी मोलाच्या वाटतात: सकाळचा उजेड डोळ्यांवर पडतो, पाय दमतात, आणि सहा वाजता कुणीतरी दारात वाट बघत असतं.

गोव्यात याचीच एक शिस्तशीर पद्धत तयार झाली आहे. ‘संगत’ या संस्थेने तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या साध्या माणसांना शिकवून, नैराश्याच्या रुग्णांबरोबर सहा ते आठ बैठका करायला लावल्या. गाभा एवढाच की मन लागेपर्यंत थांबू नका, आधी छोटी कामं सुरू करा, मन मागून येतं. दारूच्या त्रासासाठीही त्यांनी तशाच बैठका बसवल्या. दोन्हींचे निष्कर्ष २०१७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले आणि दोन्ही उपयोगी ठरल्या. आम्ही मामांसाठी दिवसाचा तक्ता केला तो याच धर्तीवर.

चौथ्या आठवड्यात एका सकाळी मामा फडाच्या कडेला थांबले. एका उसाचं पाचट सोललं, कांड्यांवरून अंगठा फिरवला आणि कुणी विचारलेलं नसताना म्हणाले, ‘ह्यो ८६०३२ हाय. कारखान्याचा. गुळाला ९२००५ बरा.’ उसाच्या जातींचे नंबर होते ते. मग ओढ्यापर्यंत त्यांनी आम्हाला सगळा गूळ शिकवला. परत येताना छत्री मिटलेली होती आणि ते भिजत होते. त्या दिवशी मी नोंदवहीत फक्त ‘बोलले’ एवढंच लिहिलं.

बंब

उष्णतेचा विषय मी काढला नव्हता. पेटीची आठवण घरात कुणालाच नको होती. मामाच एकदा म्हणाले, ‘घाम गाळून दारू जात आस्ती तर मी कवाच सुटलो आस्तो. वीस वर्सं काहिलीपुढं घामच गाळलाय. पर मॅडम, जाळापुढं बसलं की डोकं शांत व्हायचं, ह्ये खरं.’

मी डॉक्टरांशी बोलले. नैराश्य आणि शरीराचं तापमान यांवर गेल्या काही वर्षांत गांभीर्याने काम झालं आहे. २०१६ साली ‘जामा सायकिअ‍ॅट्री’ या नियतकालिकात एक चाचणी आली. नैराश्याच्या तिसेक रुग्णांपैकी काहींचं शरीर ३८.५ अंशांपर्यंत तापवलं, बाकीच्यांना फक्त तसा भास होईल अशी सौम्य ऊब दिली. एकाच सत्राचा फरक सहा आठवडे टिकलेला दिसला. जर्मनीत फ्रायबुर्गला ४० अंशांच्या पाण्यातल्या स्नानांवर अभ्यास झाले. रुग्णसंख्या लहान आहे, आणि हे अभ्यास दारूचं अवलंबित्व असलेल्या माणसांवर झालेले नाहीत. त्यांच्या जोरावर गोळी थांबवा असं मी कुणालाही म्हणणार नाही. झोपेचं मात्र जास्त खात्रीने सांगता येतं. झोपण्याआधी तास-दोन तास कोमट-गरम पाण्याने अंघोळ केली की हातापायांची कातडी तापते, तिच्यावाटे आतली उष्णता बाहेर जाते, शरीर आतून निवतं आणि झोप लवकर लागते. मामांची झोप अजून धड नव्हती. झोप न लागणं हे पुन्हा प्यायला लागण्याचं मोठं कारण असतं.

डॉक्टरांनी परवानगी दिली ती सहाव्या आठवड्यानंतर. रक्तदाब सलग दोन आठवडे ठीक होता, यकृताच्या तपासण्या उतरत होत्या, उठताना चक्कर येत नव्हती. पेटी नाही, बंद खोली नाही. पाणी साधारण ४० अंश, १५ मिनिटं, आधी दोन ग्लास पाणी प्यायचं, घरात कुणीतरी हवं, उठायचं ते सावकाश. त्या दिवशी किंवा आदल्या दिवशी प्यायलेलं असेल तर अजिबात नाही. दुसऱ्यांसाठी इथेच सांगते: लिथियम घेणाऱ्याच्या अंगातलं पाणी घामावाटे गेलं की रक्तातलं लिथियम विषारी पातळीला जाऊ शकतं, आणि नैराश्याच्या काही जुन्या गोळ्यांनी घामच कमी येतो, त्यामुळे अंग आतल्या आत तापतं. हृदयरोग्यांनी आणि गरोदर बायांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय या वाटेला जाऊ नये.

मामा तोवर घरी गेले होते. त्यांच्याकडे टब कुठला! परसात तांब्याचा बंब आणि आजीच्या वेळचं पितळी घंगाळ होतं. घंगाळात पोटऱ्यांपर्यंत पाय बुडवून पाटावर बसायचं आणि तांब्यातांब्याने पाठीवर पाणी घ्यायचं असं ठरलं. वेळ मामींनी निवडली: संध्याकाळी साडेसहा. मामा पूर्वी याच वेळेला गुत्त्याकडे निघायचे.

पहिले दोन दिवस आम्ही थर्मामीटर दिला होता. तिसऱ्या दिवशी मामींनी तो परत पाठवला. पावणेसहाला मामा स्वतःच बंबापुढे उकिडवे बसायला लागले होते. चिपाडं, गोवऱ्या, एखादं लाकूड, जाळ पुढे-मागे करणं. पाणी किती तापलं हे त्यांना बंबाच्या आवाजावरून कळायचं. बघता बघता त्यांची तलफेची वेळ जाळापुढे जाऊ लागली. पाण्याने किती गुण आला आणि जाळापुढे बसण्याने किती, हे मला वेगळं काढता येणार नाही. गोळी चालू होती, आठवड्याला अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या गटाची मीटिंग होती, तलफेसाठी अ‍ॅकॅम्प्रोसेट होतं कारण ते यकृतावर भार टाकत नाही. आठव्या आठवड्यात नैराश्याच्या प्रश्नावलीतले गुण १९ चे ११ झाले.

विसर्जनाचा दिवस

सप्टेंबरमध्ये, गणपती विसर्जनाच्या मिरवणुकीत, मामा प्यायले. दोन क्वार्टर. रात्री घरी येऊन त्यांनी मामींना स्वतः सांगितलं. पूर्वी असं कधीच झालं नव्हतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मामींचा मला फोन: बंब तापवू का, अंगातली उतरेल तरी. बघा, घामाची ती समजूत किती खोल असते! मी म्हटलं, आज नको, उद्याही नको. पाणी पाजा, जेवायला घाला, हात थरथरले तर लगेच दवाखान्यात न्या.

पुढच्या दिवशी सकाळी सहाला मेहुणे त्यांच्या दारात उभे राहिले. मामा लाजेने बाहेर येईनात. मेहुणे काही बोलले नाहीत, उंबऱ्यावर बसून राहिले. साडेसहाला मामा पायात चपला घालून आले आणि दोघं एक किलोमीटर चालून परतले. त्या महिन्यात गुण पुन्हा १३ वर गेले. डॉक्टरांनी सर्ट्रालिन वाढवलं.

परत काहिलीपुढे

ऑक्टोबरात शेजारच्या गावातून निरोप आला. तिथे एकजण रसायनाशिवाय गूळ करायचं छोटं गुऱ्हाळ काढत होता आणि त्याला गुळव्या हवा होता. मी विरोध केला. गुऱ्हाळ म्हणजे दारूची जुनी जागा, जुनी पाळी, जुनी माणसं. व्यसनातून उठणाऱ्याला अशा जागा टाळायला आम्ही शिकवतो. त्यावर मामी म्हणाल्या, ‘गुऱ्हाळात होते तवा हंगामापुरती प्यायचे. गुऱ्हाळ गेलं तवा रोज प्यायला लागले. तुमीच हिशेब करा.’ मी हिशेब केला आणि माझा विरोध मागे घेतला. मामांच्या बाबतीत धोका आणि औषध एकाच चुलवाणात होतं. मला ते उशिरा कळलं.

मग अटी ठरल्या. रात्रपाळी नाही. मालकाला सगळं खरं सांगायचं, आणि ते मामांनी स्वतः सांगायचं. दिवसभर मीठ-लिंबू घातलेलं पाणी आणि ताक हाताशी ठेवायचं. मीटिंग चुकवायची नाही. साडेसहाच्या आत घरी.

जानेवारीत मी गुऱ्हाळावर गेले. चिपाडांच्या ढिगावर बसून मामांनी प्रश्नावली भरली. २७ पैकी ६ गुण. झोपेच्या प्रश्नापुढे त्यांनी अजूनही ‘काही दिवस’ यावरच खूण केली. भिंतीवरच्या कॅलेंडरवर न प्यायलेल्या प्रत्येक दिवसावर कोळशाची रेघ होती. कागद माझ्या हातात देऊन ते उठले, बोटं गार पाण्यात बुडवली, काहिलीतून चिमूटभर पाक उचलला, गोळी वळून काठावर मारली. आवाज दबका आला. चुलवाणावरच्या पोराकडे बघून ते ओरडले, ‘आजून दोन मिंटं, जाळ तसाच ऱ्हाऊ दे!’